घटाचें पाणी

अलीकडे शहरांतील घरांच्या गच्च्यांवर आणि सज्ज्यांत शोभेचीं गवतें लावण्याची हौस वाढली आहे. कोणी कुंडींत गवती चहा लावतो, कोणी वाळ्याचा ठोंब आणून ठेवतो, कोणी रोपवाटिकेंतून लांब तुऱ्यांचें परदेशी गवत आणतो, आणि आठ-पंधरा दिवसांतच प्रश्न उभा राहतो कीं, याला पाणी द्यावें तरी किती? हा प्रश्न ऐकून मला नेहमीं थोडें हसूं येतें. कारण ज्या घरांत तो विचारला जातो, त्याच घरांत बहुधा दरवर्षीं आश्विन महिन्यांत नऊ दिवस देव्हाऱ्यापाशीं गवत वाढविलेलें असतें. आणि त्याला पाणी किती लागतें याचा निर्णय माणसानें न करतां एका मातीच्या मडक्यानें करावा, अशी योजना तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. त्या गवताचा, त्या मडक्याचा आणि त्यांतून पाझरणाऱ्या पाण्याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

गवत म्हटल्यानें कोणी रागावूं नये. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें गहूं, जोंधळा, भात, बाजरी, मका, नाचणी हीं सारीं गवतेंच होत. हरळीचें आणि उंसाचें जें कुळ तेंच यांचें. शेतांत आपण तीं दाण्यासाठीं वाढवितों म्हणून त्यांना तृणधान्यें म्हणतों, इतकेंच. घटाच्या मातींत मात्र तीं दाण्यासाठीं पेरलेलीं नसतात. नऊ दिवसांत दाणा येत नाहीं, आणि यावा अशी कोणाची अपेक्षाहि नसते. तेथें पाहावयाचें असतें तें पातें, त्याची उंची, त्याची दाटी, त्याचा पिवळसर रंग. केवळ दर्शनासाठीं घरांत वाढविलेलें गवत याहून निराळें तें काय असणार? हरभऱ्या-मुगासारखीं एखाददुसरीं कडधान्यें त्यांत मिसळलेलीं असतात खरीं. पण घटाला शोभा येते ती गव्हा-जोंधळ्याच्या पात्यांनींच.

कोल्हापूर हें अंबाबाईचें क्षेत्र असल्यामुळें येथील नवरात्राला एक निराळाच भरघोसपणा असतो. प्रतिपदेच्या आधीं दोन-तीन दिवस कपिलतीर्थाच्या मंडईच्या आसपास मातीचे घट, पत्रावळी, बुरुडाच्या परड्या आणि शेतांतली काळी माती घेऊन विक्रेते बसलेले दिसतात. घट यावयाचे ते शाहूपुरींतल्या किंवा गंगावेशींतल्या कुंभार गल्लींतून. घरीं पत्रावळीवर वा परडींत तीन-चार बोटें जाडीचा मातीचा थर द्यावयाचा, त्यांत मिश्र धान्य पेरावयाचें, मधोमध पाण्यानें भरलेला घट बसवावयाचा, त्याच्या तोंडाशीं विड्याचीं पानें लावून वर नारळ ठेवावयाचा, शेजारीं नंदादीप लावावयाचा आणि रोज एक माळ वर सोडावयाची. त्या दिवसांत तिथि मोजावयाच्या त्याहि माळांनीं. चौथी माळ, पांचवी माळ, अशा. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीस टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तेथें कोहळा फोडण्याचा विधि होतो. तोंपर्यंत घरच्या घटांत कोंब दोन-तीन बोटें वर आलेले असतात, आणि बायका एकमेकींना 'तुमचा घट कसा आलाय?' असें विचारूं लागतात.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाहीं. घट दाट आला तर वर्ष चांगलें जाणार, विरळ आला तर कांहींतरी चुकलें, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. कोठें तरी चुकलें म्हटलें कीं, कोणाचें चुकलें याचा शोध सुरू होतो. आणि तो शोध बहुतेक वेळां घरांतल्या एखाद्या बाईपाशीं येऊन थांबतो.

मला एक वर्ष आठवतें. मी तेव्हां शाळेंत होतों. धाकट्या काकू लग्न होऊन नव्यानेंच घरांत आल्या होत्या. त्या सालीं आमच्या आजीनें मातीच्या घटाऐवजीं घरांतला जुना तांब्याचा कलश घासूनपुसून घटाला बसविला. घटाला पाणी घालण्याचें काम मोठ्या कौतुकानें काकूंकडे दिलें. काकूंनीं तें मनापासून केलें. सकाळीं आंघोळ झाल्यावर आणि संध्याकाळीं दिवेलागणीला त्या ओंजळीनें मातीवर पाणी शिंपडीत. पांचव्या माळेपर्यंत कांहीं भाताचे कोंब वर आले; गहूं आणि जोंधळा मात्र दिसेनात. सहाव्या दिवशीं मातीला आंबूस वास येऊं लागला आणि वर पांढरट बुरशी धरली. शेजारच्या दोघीतिघी आल्या, पाहून गेल्या, कांहीं बोलल्या नाहींत. जें बोलल्या असतील तें जिन्यांत बोलल्या. त्या रात्रीं आजी एवढेंच म्हणाली, "सूनबाई, उद्यांपासून घटाला पाणी वन्सं घालतील." काकू म्हणाल्या, "बरं, आत्याबाई."

पुढच्या वर्षीं तो कलश कोणाच्या तरी लग्नांत आहेर म्हणून गेला होता, म्हणून पुन्हां मातीचा घट आला. आणि तो इतका दाट आला कीं नारळ अर्धा झांकून गेला. श्रेय आत्याच्या हाताला मिळालें. काकूंनीं त्यानंतर त्या घरांत घटाला पाणी कधींच घातलें नाहीं.

आतां या प्रकारांत खरोखर काय घडलें होतें तें पाहूं. दाणा रुजतो तेव्हां तो आधीं पाणी पितो आणि फुगतो. मग आंत सांठविलेलें पिठूळ अन्न जाळून कोंब वर ढकलतो. या जाळण्याला हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत थोडें पाणी आणि थोडी हवा असली म्हणजे दाण्याचें दोन्हीकडून भागतें. पाणी फार झालें कीं फटींतली हवा निघून जाते आणि दाणा, ओल असूनहि, गुदमरतो. मग बुरशीला आणि कुजविणाऱ्या जंतूंना मोकळें रान मिळतें. गहूं आणि जोंधळा यांना असें गुदमरणें सोसत नाहीं. भाताला मात्र तें सोसतें. पाण्याखालीं हवेचा तुटवडा असतांनाहि कोंब वर काढण्याची शक्ति त्याच्यांत आहे, आणि चिखलांत त्याचें पीक येतें तें उगीच नव्हे. म्हणून ज्या घटांत फक्त भात वर येतो आणि बाकी धान्य कुजतें, त्या घटाला पाणी जास्त झालें असें डोळे मिटून म्हणावें. आमच्या घरच्या त्या फसलेल्या घटांत कारण स्वच्छ लिहिलेलें होतें. वाचणारें कोणी नव्हतें.

त्यांत आणखी एक गोष्ट. देवघरांतला तो कोपरा म्हणजे ऊन नाहीं, वारा नाहीं, पात्यांतून पाणी उडून जाण्याचें प्रमाण अगदीं थोडें. शेतांतल्या रोपाला लागतें त्याच्या कितीतरी कमी पाणी या नऊ दिवसांच्या गवताला पुरतें. मातीच्या घटांतून तें मिळत होतें. तांब्याचा कलश पाझरत नाहीं. त्यामुळें मातीला पाणी मिळावयाचें तें वरूनच, आणि वरून किती घालावें हें काकूंना कोणीच सांगितलेलें नव्हतें, कारण घरांत कोणालाच तें ठाऊक असण्याची कधीं गरज पडली नव्हती. जें काम मडकें करीत होतें तें आपण करतों अशी सर्वांची समजूत होती.

मडकें हें काम कसें करतें? कुंभार चिकणमाती मळतांना तींत राख, घोड्याची लीद, कधीं तूस मिसळतो. भट्टींत हें मिश्रण जळून जातें आणि भांड्याच्या अंगांत डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म छिद्रें राहतात. उन्हाळ्यांत माठाचें पाणी थंड होतें तें याच छिद्रांतून बाहेर आलेली ओल उडून जातांना उष्णता घेऊन जाते म्हणून. आतां तोच माठ हवेंत न ठेवतां मातीवर टेकवून ठेवला, तर बाहेर येणारी ओल माती शोषून घेते. यांतली खरी खुबी पुढें आहे. माती जसजशी कोरडी पडते तसतशी तिची ओलावा ओढण्याची शक्ति वाढते, आणि ती पुरेशी ओली झाली कीं ओढ मंदावते. म्हणजे पाणी किती सोडावयाचें हें मडकें ठरवीत नाहीं आणि मालकहि ठरवीत नाहीं. तें तहानलेली माती ठरविते. मालकानें करावयाचें तें इतकेंच कीं, घट रिता होऊं द्यावयाचा नाहीं.

शंकराच्या पिंडीवर वैशाखांत गळती टांगतात ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. गळती आणि घट यांतला फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. गळतींतून थेंब पडतो तो खालीं ओल असो वा नसो, ठरल्या गतीनें पडतच राहतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत इझ्राएलमधून जगभर पसरलेलें आणि आज आपल्याकडे द्राक्षांच्या बागांपासून उंसाच्या फडांपर्यंत दिसणारें ठिबक सिंचन हें, कल्पनेच्या दृष्टीनें, गळतीचें भावंड आहे. घटाची कल्पना याहून वेगळी, आणि माझ्या मतें अधिक सूक्ष्म. गळतीला कोणीतरी बंद करावें लागतें. घट स्वतःच थांबतो.

ही कल्पना आपलीच, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चीनमध्यें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत फान शंग-चृ या नांवाच्या कृषिपंडितानें एक ग्रंथ लिहिला. त्यांत वेलफळें लावण्याची रीत दिली आहे ती अशी: खड्ड्याच्या मधोमध मातीचें मडकें, त्याचें तोंड जमिनीशीं समपातळींत येईल असें, पुरावें, तें पाण्यानें भरावें, त्याच्या चारी बाजूंना एकेक बीं लावावें, तोंडावर झांकण ठेवावें, आणि पाणी कमी होतांच पुन्हां भरून मडकें सदैव पूर्ण ठेवावें. चार बाजू, चार बिया, झांकण आणि भरलेलें मडकें! विड्याचीं पानें आणि नारळ तेवढे नाहींत.

पाश्चात्य प्रयोगशाळेंत हीच युक्ति पुष्कळ उशिरां पोहोंचली. अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ बर्टन लिव्हिंग्स्टन यांनीं १९०८ सालीं सच्छिद्र मातीचें भांडें कुंडींत पुरून मातीची ओल कायम एकसारखी राखण्याचें साधन तयार केलें. रोपांवर प्रयोग करावयाचे तर पाण्याचें प्रमाण माणसाच्या लहरीवर ठेवून चालणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपल्या देशांत १९७० नंतरच्या दशकांत कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेंत पुरलेल्या मडक्यांच्या आधारें भाजीपाला व वेलफळें घेण्याचे प्रयोग झाले, आणि खारवट जमिनींतहि थोड्या पाण्यांत पीक येऊं शकतें असें दिसून आलें.

मग आपल्या घटाचें काय? तो पाणी देण्यासाठींच योजला होता काय? येथें मला थोडें जपून बोललें पाहिजे, कारण आपल्या प्रत्येक आचारामागें पूर्वजांनीं मोठें विज्ञान दडवून ठेवलें होतें असें सांगणाऱ्यांची आज कमतरता नाहीं. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ सालचा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. असल्या निबंधग्रंथांतून नवरात्राचा जो विधि चालत आला, त्यांत शुद्ध मातीची वेदी करावी, तींत जव-गहूं पेरावे आणि वर कलश स्थापावा असें आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या पांचव्या खंडांत व्रतांचा आणि उत्सवांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. नवरात्राच्या शास्त्राधारांविषयीं जिज्ञासा असणाऱ्यांनीं तो अवश्य पाहावा. परंतु कलश कशाचा असावा याबद्दल शास्त्र उदार आहे. सोनें, रुपें, तांबें, माती, ज्याला जें परवडेल तें. मातीचा घट हा शास्त्राच्या दृष्टीनें गरिबाचा कलश. पाझरणारा कलश असावा, असा आग्रह तेथें नाहीं. म्हणजे आमच्या आजीनें तांब्याचा कलश बसविला तो शास्त्राला सोडून नव्हता. उलट तिच्या मतें ती देवीसाठीं अधिक मोलाचें पात्र ठेवीत होती.

तेव्हां पाझराचें ज्ञान पोथींतलें नव्हे, चुलीजवळचें आणि शेतांतलें. मातीच्या घटाभोवतीं धान्य बरें येतें हें बायकांनीं पाहिलें, आणि ज्या घरांत तें बरें आलें त्या घरांत मातीचा घट राहिला. कोल्हापुरांत मातीच्या भांड्यांना तोटा कधींच नव्हता. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ सालीं डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आली. रोमन बनावटीच्या कांशाच्या वस्तूंमुळें तें उत्खनन गाजलें. पण अशा प्रत्येक उत्खननाप्रमाणें तेथेंहि खापरांचा सांठा मोठा होता. टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयांत गेलें म्हणजे लोक समुद्रदेवतेच्या त्या सुबक मूर्तीपाशीं थांबतात आणि खापरांवरून पुढें जातात. मला तीं खापरेंच अधिक जवळचीं वाटतात. तीं घटस्थापनेचीं होतीं असें म्हणण्यास कांहींहि आधार नाहीं, आणि मी तसें म्हणत नाहीं. एवढेंच कीं, या नदीकांठची माती सुमारें दोन हजार वर्षें चाकावर फिरते आहे.

पाण्याच्या बाजूनें पाहिलें तरी हेंच दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंब्याच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत येऊं लागलें. त्याच्या आधीं पाणी म्हणजे नदी, तळें, विहीर वा परसांतला आड. आणि तेथून तें घरांत यावयाचें तें बाईच्या डोक्यावरून आणि कमरेवरून. अशा पाण्याची उधळपट्टी देवासाठींहि होत नाहीं. घट एकदां भरावा, उणा झाला कीं पेलाभर घालावा, ही रीत त्या काटकसरीला साजेशी होती. नळ आला, तांब्या-पितळेचीं भांडीं स्वस्त झालीं, आणि हाताशीं मुबलक पाणी असलें कीं ममता पाण्यानेंच दाखविण्याची माणसाला खोड असते. कुंडींतलीं झाडें शहरांत तहानेनें मरतात त्यापेक्षां पाण्यानें अधिक मरतात, असा माझा अनुभव आहे.

घट म्हणजे बियाण्याची परीक्षाच, असेंहि पुष्कळदां सांगतात. नवरात्रानंतर शाळूची आणि गव्हाची पेरणी यावयाची. घरांतलें बीं उगवतें कीं नाहीं तें आधीं परडींत पाहून घ्यावें. काळाचा मेळ बरोबर बसतो, आणि चतुर शेतकरी घटाकडे तशा नजरेनें पाहत असेलच. पण परीक्षा म्हणून पाहावयाचें तर आमच्या घरच्या त्या वर्षाचा निकाल काय झाला असता? चांगलें बीं वाईट ठरलें असतें. पाणी चुकलें कीं परीक्षकच खोटा पडतो. शिवाय दशमीला ज्या कौतुकानें त्या पिवळ्या कोंबांकडे पाहतात, तें कौतुक नुसत्या परीक्षेचें नव्हे.

तो पिवळा रंग कोठून येतो? उजेड नसला कीं पात्यांत हिरवें द्रव्य तयार होत नाहीं. कोंब सारें बळ उंचीकडे लावतो, लांब आणि नाजूक होतो. त्याचें अन्न अजून दाण्यांतूनच येत असतें, म्हणून नऊ दिवस निभावतात. दाराकडून थोडासा उजेड येत असेल तर सारीं पातीं तिकडे कललेलीं दिसतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनीं १८८० सालच्या आपल्या ग्रंथांत असल्याच गवताच्या कोंबांवरचे प्रयोग दिले आहेत. कोंबाचा शेंडा लहानशा टोपीनें झांकला तर तो उजेडाकडे वळत नाहीं, आणि उघडा ठेवला तर खालचा भाग वळतो. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वांकतो बुडखा, हें त्यांनीं दाखविलें. झाडांच्या वाढीचें नियंत्रण करणाऱ्या द्रव्यांचा सारा शोध पुढें यांतून निघाला. परडी रोज थोडी फिरविली तर पातीं सरळ राहतात. पण बसविलेला घट हलवूं नये असा आपला नियम, म्हणून आपलीं पातीं कलतात.

असलीं अल्पायुषी गवतें केवळ आपल्याकडेच वाढवितात असें नाहीं. गुजरातेंत आणि छत्तीसगडांत त्यांना जवारा म्हणतात. इराणांत नवरोजासाठीं ताटलींत गव्हाचे कोंब वाढवितात आणि तेराव्या दिवशीं वाहत्या पाण्यांत सोडतात. प्राचीन ग्रीसमध्यें ॲडोनिस देवतेच्या उत्सवांत बायका फुटक्या मडक्यांतून गहूं, सातू, बडीशेप पेरीत, आणि आठ दिवस जोपासून तें सारें समुद्रांत टाकीत. सर जेम्स फ्रेझर यांनीं १९०६ सालच्या ग्रंथांत या 'ॲडोनिसच्या बागां'ची चर्चा करतांना छोटानागपुरांतल्या उरांव-मुंडा मुलींनीं करमा सणासाठीं हळद मिसळलेल्या ओल्या वाळूंत वाढविलेल्या जवाच्या पिवळ्या पात्यांचा दाखला दिला आहे. ग्रीक विचारवंतांनीं या बागांची थट्टा केली. आठ दिवसांत उगवून वाळणारें तें क्षुल्लक, असा त्यांचा रोख. आपल्याकडे थट्टा कोणी केली नाहीं. दसऱ्याला शेतकरी तें धान उपटून टोपींत, फेट्यांत खोंवतो, बायका वेणींत माळतात, आणि संध्याकाळीं अंबाबाईची पालखी येऊन दसरा चौकांत सोनें लुटलें जातें तेव्हां गर्दींतल्या कित्येक टोप्यांवर तीं पिवळीं पातीं डुलत असतात.

हल्लीं बाजारांत रंगविलेले, टिकल्या लावलेले घट मिळतात. दिसावयास ते सुरेख असतात. पण तैलरंगानें मातीचीं छिद्रें बुजतात आणि घट तांब्याच्या कलशासारखाच मुका होतो. घट घेतल्यावर तो पाण्यानें भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा. सकाळीं बुडाखालीं ओल दिसली तर घट चालेल. न दिसली आणि तोच बसवावयाचा असेल, तर मातीला बोट लावून पाहावें, बोटाला ओल लागते तोंवर पाणी घालूं नये, आणि घालावयाचें तें पळीनें, कडेकडेनें. माती फार चिकट असेल तर तींत थोडी वाळू मिसळावी, आणि परडीला खालून पाणी निथळावयास वाट असावी.

आतां सुरुवातीच्या कुंडीकडे येतों. मोठ्या गवतांना नऊ दिवस नव्हे, वर्षानुवर्षें जगावयाचें असतें, म्हणून त्यांच्या मुळांचा विचार आधीं केला पाहिजे. अमेरिकेंतील डिटमर नांवाच्या शास्त्रज्ञानें १९३७ सालीं राय या गवतवर्गीय धान्याचें एकच रोप सुमारें फूटभर लांबीरुंदीच्या पेटींत चार महिने वाढवून त्याचीं मुळें मोजलीं. तीं टोकाला टोक जोडलीं असतां सहाशें किलोमीटरांहून अधिक भरलीं! इतक्या मुळांना वरचेवर वाटीभर पाणी शिंपडणें म्हणजे त्यांना वरच्या दोन बोटें मातींत अडकवून ठेवणें होय. पाणी द्यावें तें कुंडीच्या तळापर्यंत पोहोंचेल इतकें, आणि मग वरची माती सुकेपर्यंत थांबावें, म्हणजे मुळें ओलीच्या मागोमाग खोल जातात. गवती चहाला सांचलेलें पाणी मुळींच खपत नाहीं. हरळी कोरडीहि तग धरते. वाळा मूळचा ओढ्याकांठचा, त्याला ओल अधिक चालते. पावसाळ्यांत उघड्या कुंडींना बहुधा कांहींच घालावें लागत नाहीं.

आणि कुंडी मोठी असेल तर तिच्या मधोमध एक लहानसें, न रंगविलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, भोंवतीं गवताचे ठोंब लावावेत, मडकें भरून तोंडावर पणती पालथी घालावी, म्हणजे डांस होत नाहींत. उन्हाळ्यांत तें किती दिवसांत रितें होतें तें एकदां पाहून ठेवलें म्हणजे पुढें विचारावयास नको. विहिरीचें वा बोअरचें क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांच्या मडक्यावर वर्षा-दोन वर्षांत पांढरा थर चढतो आणि पाझर मंदावतो. तेव्हां तें उकरून काढावें, काथ्यानें घांसावें, उन्हांत वाळवावें, आणि तरीहि पाझरलें नाहीं तर सरळ कुंभार गल्लींतून नवें आणावें.